देवरुखचा चंद्र आणि सिंगापूरचं यंत्र

कोलकाता,
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप मधुकरदादांच्या पायांशी जयप्रकाशचा नमस्कार पोचावा, आणि त्यातला निम्मा रजनीवहिनींनी वाटून घ्यावा. आपल्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला असेल, आणि पडला नसला तरी आपण वहिनींना तसं सांगत नसाल, असं धरून चालतो. इकडे आम्ही तिघं देवाच्या कृपेने बरे आहोत. लेक ऋता रोज न्यू टाउनला तिच्या कंपनीत जाते, मी खिदिरपूरला गोदीतल्या कचेरीत जातो, आणि आपली बहीण विनीता आम्हा दोघांना डबे देऊन मागे घर सांभाळते. पत्र पाहून आपल्याला नवल वाटेल, कारण हल्ली पत्र लिहितं कोण. पण फोनवर आपण दोनदा 'बरं, बरं' म्हणता आणि फोन वहिनींच्या हातात देता, आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावत नाही. काम तसं काहीच नाही. एक गंमत झाली, ती कळवावी म्हणून बसलो, एवढंच.

गंमत संकष्टीची आहे. आपण दर दिवाळीत विनीताला जे कॅलेंडर पाठवता ते आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या अंगाला लटकत असतं. त्यात मागच्या पानावर गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा असतात, आणि रत्नागिरीच्या ओळीखाली आपण लाल पेनने रेघ मारून पाठवता. कोलकात्याचं नाव त्या पानावर नाही. (ते पान पूर्वेकडे नागपूरपर्यंत येतं आणि दमतं.) आता आपण सगळी हयात देवरुख डेपोत गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात घालवलीत, तेव्हा आपल्याला हे सांगायला नको की एकच गाडी सगळ्या थांब्यांवर एकाच वेळी पोचत नाही. चंद्र कोलकात्याच्या थांब्यावर आधी येतो आणि आपल्याकडे पोचायला त्याला सुमारे तासभर लागतो. पण विनीता उपास सोडते तो लाल रेघेवर. चंद्र इथे उगवून, वर चढून, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसलेला असतो, आणि आम्ही मोदक झाकून ठेवून देवरुखच्या चंद्राची वाट पाहत असतो. पूर्वी मला त्यात काही वाटत नसे. तासाभराने काय बिघडतं. पण गेल्या वर्षापासून तिला साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, आणि दिवसभर चहा नि दोन केळ्यांवर काढल्यावर तो शेवटचा तास तिला फार जड जातो. श्रावणातल्या संकष्टीला तिला ओट्याशी भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, उपास करायचाच असेल तर तो संध्याकाळी लवकर सोडा. ती म्हणाली, चंद्र उगवला की सोडते. डॉक्टर समाधानाने गेले, कारण त्यांना कोणता चंद्र ते ठाऊक नव्हतं.

मी आधी साधा उपाय केला. तिला हाताला धरून खिडकीशी नेलं आणि चंद्र दाखवला. तिने तो नीट पाहिला, हात जोडले आणि म्हणाली, "हा इथला. आपला अजून यायचाय." मग मी फोनवर कोलकात्याची वेळ काढून दाखवली. त्यावर तिने विचारलं की ज्या फोनला आपलं घर तीन वर्षांत सापडलेलं नाही, ज्याच्या सांगण्यावरून सिलेंडरवाला दर वेळी मागच्या गल्लीत जाऊन उभा राहतो, त्या फोनच्या भरवशावर मी उपास सोडू का. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर निखिलबाबू बसतात, त्यांच्यापाशी विषय काढला. ते सज्जन आहेत, घरी दोन वेगवेगळ्या छापाच्या पंजिका बाळगतात (पंजिका म्हणजे बंगाली पंचांग) आणि दोघींचं जमलं नाही की जिच्यात जेवण आधी आहे तिचं ऐकतात. ते म्हणाले, "चाँद उठेछे तो खेये निन ना, मोशाय." म्हणजे उगवलाय ना, मग जेवून घ्या की महाराज. हे त्यांनी विनीताला येऊन सांगावं असं मी सुचवल्यावर मात्र त्यांना एकाएकी एका जहाजाचे कागद आठवले.

तेव्हा मनाशी म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडची वेळ चालणार नाही. आपणच चंद्राचं गणित मांडू, पायरी न् पायरी तिला दाखवू. आमच्या गावच्या शाळेत गणिताला उत्तरापेक्षा रीतीचे गुण जास्त असत, त्याचा हा परिणाम असावा. ऋताला विचारलं, की यंत्राशी बोलायची अशी एखादी भाषा आहे का जी आज एक आणि उद्या एक बोलत नाही. ती आधी हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, बाबा, तुम्हाला फंक्शनल प्रोग्रॅमिंग पाहिजे. तिच्या सांगण्याचा मथितार्थ असा की इतर भाषांत एखाद्या गोष्टीला नाव दिलं तरी वाटेत कुणीही येऊन तिची किंमत बदलून जातो, पण या जातीच्या भाषांत एकदा अमुक म्हणजे अमुक म्हटलं की शेवटपर्यंत तेच. हॅस्केल नावाची भाषा तिने निवडून दिली. मी माझा लॅपटॉप आणायला उठलो, तर म्हणाली, त्याचं वय झालंय, "ओर द्वारा होबे ना," म्हणजे त्याच्याने नाही व्हायचं. (तिचं मराठी आता असं अधूनमधून हावड्याला उतरून परत चढतं. विनीता तिला टोकते. मला मात्र ते कानाला गोड लागतं.) त्यापेक्षा सगळं ब्राउझरमध्येच करा. एडिटर, म्हणजे लिहायची पाटी, तुमच्यासमोर दिसेल, यंत्र दुसरीकडे असेल. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मी विचारलं. तिने पाहून सांगितलं, सिंगापूरला.

दादा, मला याचं खरोखर कुतूहल वाटलं. मी खिदिरपूरला बसतो, सिंगापूरहून आलेली पेटी माझ्या सहीशिवाय फाटकाबाहेर पडत नाही, आणि इथे माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सिंगापूरचं अख्खं यंत्र विनाकागद येऊन बसलं होतं. त्याला नावही त्यांनीच ठेवलं होतं, स्लीपी वॉलरस. म्हणजे पेंगणारा एक समुद्री प्राणी, सुळे असलेला. सुळे आहेत म्हटल्यावर मी ते शुभ मानलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्या यंत्राला हॅस्केल शिकवण्यात घालवले. आधी भाषा समजणारा एक कारागीर त्यात बसवायचा असतो, त्याला कंपायलर म्हणतात. मग आपण लिहिताना चुकलो तर खाली लाल नागमोडी रेघ मारणारा एक मदतनीस बसवायचा. मी कारागीर अगदी ताज्या मालातला घेतला आणि मदतनीस एक पिढी मागचा निघाला, त्यामुळे दोघांत बोलणंच होईना. मदतनीस प्रत्येक ओळीखाली लाल रेघ मारी, आणि कारागीर म्हणे ओळ ठीक आहे. (आमच्या कचेरीत ही व्यवस्था पूर्वीपासून आहे, म्हणून मला ती चुकीची वाटायला वेळ लागला.) शेवटी कारागीर एक पायरी खाली उतरवला तेव्हा संसार सुरळीत झाला. हायसं वाटून मी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येऊन उघडतो तर यंत्र कोरं. कारागीर नाही, मदतनीस नाही, काही नाही. ऋताने समजावलं की हे यंत्र नव्याने उभं राहतं ते एका यादीवरून. त्या यादीत जे लिहिलं असेल तेवढंच तिथे हजर होतं. आपण वरून हाताने बसवलेलं सगळं मागच्या यंत्राबरोबर जातं. हे मला चटकन पटलं. श्रावणातल्या पार्थिव गणपतीच्या व्रतात आपण तेच करतो. रोज माती नवी, रोज प्राणप्रतिष्ठा, रोज विसर्जन, आणि टिकतं ते फक्त गुरुजींनी दिलेल्या साहित्याच्या चिठ्ठीत असतं ते. मी यादी लिहिली, आणि त्या दिवसापासून वॉलरस रोज सकाळी सर्वांगसुंदर अवतरू लागला. अर्धा तास हात लावला नाही की झोपतो, हा एक दोष राहिला. माझी संध्याकाळची पूजा त्याच्या झोपेपेक्षा लांब आहे.

मग लिहायला बसलो. पहिल्या ओळीवर सवयीने 'श्री गणेशाय नमः' लिहिलं, तर कारागीर तिथेच अडला. म्हणे, हे काय ते मला कळत नाही. श्रींशिवाय पुढे जायला माझा हात होईना. ऋता म्हणाली, ओळीच्या आधी दोन आडव्या रेघा मारा, म्हणजे तो ती ओळ सोडून देईल. तसं केलं. तेव्हापासून तो नमस्कार तिथे आहे. यंत्र तो वाचत नाही आणि पुसतही नाही. देवाला जगात एवढी जागा पुरते, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि मी काही वेळ पुढे काही लिहिलंच नाही. (तेवढ्यात वॉलरस झोपला.)

या भाषेत प्रत्येक काम एका फंक्शनला सांगायचं. त्यातलं शुद्ध फंक्शन म्हणजे पुरतं सोवळ्यात बसलेलं असतं. आपण हातावर ठेवलं तेवढंच त्याला ठाऊक. ते मान वळवून घड्याळ बघत नाही, बाहेर कुणाला हाक मारत नाही, आज वार कोणता हेसुद्धा आपण उंबऱ्याबाहेरून त्याच्यापुढे सरकवायचं. मात्र तेच दिलं की तेच उत्तर, सिंगापूरला विचारा की संगमेश्वरला. आणि कारागीर तर असा कडक, की मी एका ठिकाणी तासांत अंश मिळवले तर त्याने लग्नातल्या वरपक्षाच्या सुरात ऐकवलं की इथे आम्हाला तास अपेक्षित होते, आपल्याकडून अंश आले आहेत. मी निमूट बदलून दिले. पण खरं सांगतो, दादा, मला त्याचा राग आला नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाची चूक इतक्या सरळपणे दाखवणारं आता आसपास फारसं कुणी उरत नाही. लोक एक तर घाबरतात किंवा मनात म्हणतात, जाऊ दे.

चंद्राच्या गणिताचं वर्णन करून आपल्याला त्रास देत नाही. सूर्य नेमस्त आहे, त्याचं दोन ओळींत भागतं. चंद्राला पृथ्वी एकीकडे ओढते, सूर्य दुसरीकडे, आणि तो दोघांचं थोडं थोडं ऐकतो, त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीला आणखी एक दुरुस्ती जोडावी लागते. एका जुन्या इंग्रजी पुस्तकावरून मी ती एकेक उतरवली. शेवटी यंत्राला सांगायचं फक्त ठिकाण राहिलं होतं. ते मी नकाशावरून घेतलं, आकडे भरले आणि येत्या संकष्टीची वेळ काढली.

ती कॅलेंडरातल्या लाल रेघेशी मिनिटाला मिनिट जुळली.

माझी अवस्था काय सांगू. मी तिला खोटं ठरवायला निघालो होतो, आणि सिंगापूरच्या यंत्राने, सोवळ्यातल्या फंक्शनने, कडक कारागिराच्या देखरेखीखाली तिचीच वेळ दिली होती. मी उठून कॅलेंडरला हात लावून नमस्कार केला. ऋता ऑफिसला गेली होती, नाहीतर तिने तिथेच आकडे पाहिले असते. विनीताला सांगितलं तेव्हा तिने पोळी उलटत नुसतं म्हटलं, "मग? दादाने पाठवलंय ते." मला तर यात काही गूढ आहे असंच वाटू लागलं. डोळ्यांना दिसणारा चंद्र आणि शास्त्रातला चंद्र यांत तासाभराचं अंतर असेल, आपण कोण शंका घेणारे. निखिलबाबूंना हे सांगितल्यावर त्यांनी मला आपल्या डब्यातला एक संदेश (म्हणजे इथली छेन्याची मिठाई) दिला. त्या संकष्टीला मीही तिच्याबरोबर लाल रेघेपर्यंत थांबलो, श्रद्धेने थांबलो. आरती चालू असताना तिचा हात माझ्या खांद्यावर आला. मला वाटलं प्रेमाने आला. तो आधारासाठी होता. पुढचं घंटा वाजवणं राहिलं, तिला आधी खाली बसवलं आणि मोदक भरवला.

गेल्या रविवारी सकाळी पूजेला बसलो होतो. हातात पाणी घेऊन संकल्प म्हणत होतो, ज्यात आपण देवाला आधी आपला ठावठिकाणा सांगतो, आणि नेहमीप्रमाणे म्हणून गेलो, गोदावरीच्या दक्षिण तीरावर. म्हणालो आणि थबकलो. इथे गोदावरी कुठली. बाहेर हुगळीवर बोटीचा भोंगा वाजत होता. तीन वर्षं रोज सकाळी मी कोलकात्यात बसून देवाला नाशिकच्या बाजूचा पत्ता देत होतो, आणि तो बिचारा रोज तिकडे जाऊन परत येत असणार. पाणी ताम्हणात सोडलं, पूजा तशीच ठेवून सोवळ्यातच लॅपटॉपपाशी गेलो. वॉलरसला उठवलं. ठिकाणाची ओळ काढली. दादा, ते आकडे कोलकात्याचे नव्हतेच. नकाशावर मी 'घर' अशी खूण केलेल्या जागेवर बोट ठेवून ते उचलले होते, आणि ती खूण कधी काळी आमच्या गावच्या घरावर केलेली आहे, आपल्या देवरुखपासून सायकलच्या अंतरावर. फंक्शनने मुळीच चूक केली नव्हती. ज्या अंगणात उभं राहून मी विचारलं होतं, तिथला चंद्र त्याने बिनचूक सांगितला होता. मी दोन आकडे बदलले. वेळ सरळ तासभर अलीकडे आली.

तिथे ओल्या पंच्याने बसून मी बराच विचार केला. यंत्र सिंगापूरला, माणूस कोलकात्याला, त्याचा संकल्प गोदावरीकाठी आणि त्याचं घर देवरुखजवळ. यातला मी नक्की कुठला, हे कुठल्या ओळीत लिहायचं. प्रश्न मात्र मोठा गोड वाटला. विनीताला ही नवी वेळ सांगितली तर ती म्हणाली, मागच्या महिन्यात तर तुमचं यंत्र दुसरं सांगत होतं. मी म्हटलं, यंत्र तेच आहे, माझंच ठिकाण चुकलं होतं. तिने विचारलं, "मग आता चुकलं नाही कशावरून?" आणि भाजी निवडायला गेली.

तर अशी ही गंमत. वहिनींना वाचून दाखवावी. कोकमं पोचली, उत्तम आहेत. इथल्या थंडीत एकदा आपण दोघांनी यावं, गुडघ्याला जिना चढावा लागणार नाही, लिफ्ट आहे आणि ती बहुतेक वेळा चालते.

आपला,
जयप्रकाश

ता. क. कोलकाता हुगळीच्या पूर्व तीरावर आहे. तेव्हा संकल्पात आता काय म्हणावं, हे तिथल्या गुरुजींना विचारून कळवावं. पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच.

दुसरा ता. क. खरं कारण ते नव्हे. गणिताने माझी पत घरात गेली आहे, आणि ती ऐकेल तर आपलंच ऐकेल. पुढच्या संकष्टीच्या आत आपण एकदा सहज फोन करून सांगावं, की ज्या गावी राहावं त्या गावच्या चंद्रावर उपास सोडला तर चालतो. मी सांगायला लावलं हे तिला कळू देऊ नये. तिला भोवळ आली की मला फार भीती वाटते. मी ती दाखवत नाही.

(दादा, मी विनीता. यांनी पाकीट चिकटवायला डिंक मागितला, म्हणजे पत्र आहे, म्हणजे वाचायला हवं. चंद्र इथे लवकर उगवतो हे मला आल्याच्या पहिल्या महिन्यापासून माहीत आहे, त्याला सिंगापूर कशाला हवं. पण लाल रेघेच्या वेळेला तू तिकडे आरती म्हणतोस आणि वहिनी पानं वाढते. बदल्यांच्या पायी इतकी गावं झाली, पण महिन्यातून एकदा मी तुमच्या पंगतीत जेवते. आधी जेवले तर एकटीच जेवल्यासारखं होतं. यांना हे सांगितलं असतं तर यांनी त्याचंही गणित मांडलं असतं. भोवळीचं विशेष काही नाही, काळजी करू नकोस. वहिनीला नमस्कार.)

तिसरा ता. क. पाकीट विनीताने आपणहून चिकटवून दिलं तेव्हा शंका आली, म्हणून ते फोडून पुन्हा लिहितो आहे. वरचं मी आत्ता वाचलं. आधीचे दोन्ही ताजे कलम रद्द समजावेत, आणि शास्त्राचं तिला काहीही सांगू नये. त्याऐवजी एक करावं. पुढच्या संकष्टीला इथला चंद्र उगवला की मी आपल्याला मिस्ड कॉल देईन. त्याबरोबर आपण दोघांनी व्हिडिओ लावावा, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवावा आणि समोर पाटावर बसावं. आपल्यापुढे पानं रिकामी असली तरी चालतील, मांडलेली असावीत. आपला चंद्र यायला तासभर असेल, तेव्हा उपाशीपोटी दुसऱ्याला मोदक खाताना पाहणं आपल्याला कठीण जाईल याची मला जाणीव आहे, पण आपल्याला साखर नाही. मध्येच कुणी उठू नये, एवढीच विनंती. ती फार हळू जेवते.